तेल, मेण आणि काना : आज्ञापत्रांतील एका वाक्याचें परीक्षण

(१) रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. राजधर्म, वतनें, साहुकार, दुर्ग व आरमार हीं प्रकरणें अभ्यासकांनीं वारंवार चाळलीं. ग्रंथाची भाषा, त्याचा काळ व त्यांतील राजनीति यांचीहि चिकित्सा झाली. परंतु दुर्गप्रकरणांत एक वाक्य असें आहे कीं, त्यावर वाचकाची दृष्टि पडते न पडते तोंच ती पुढें सरकते. पर्जन्यकाळीं तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफांचे काने मेणानें भरावे आणि वर आच्छादन घालून त्या वायां जाऊं देऊं नयेत, असा त्या वाक्याचा आशय आहे. राजनीतीच्या ग्रंथांत हा विषय क्षुल्लक वाटावा, हें स्वाभाविक आहे. आमचें मत निराळें आहे. शस्त्रविषयक जुन्या ग्रंथांची परीक्षा करण्यास उपयोगी पडेल अशी एक कसोटी या वाक्यांतून हातीं लागते, असें आम्हांस वाटतें. शस्त्र कसें चालवावें हें ऐकून लिहितां येतें. परंतु शस्त्र पडून असतां तें कसें टिकवावें, हें ज्याचें शस्त्र एकदां तरी गंजलें आहे त्यालाच नीट लिहितां येतें. या कसोटीवर आज्ञापत्र, कौटिलीय अर्थशास्त्र व शुक्रनीति हे तीन ग्रंथ घासून पाहावे आणि त्यांतून आपणां संग्राहकांस कांहीं बोध होतो काय तें ठरवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘काना’ म्हणजे तोफेच्या बुडाशीं, वरच्या अंगास असलेलें बत्ती देण्याचें छिद्र. माघार घेण्याच्या प्रसंगीं तोफा शत्रूच्या उपयोगी पडूं नयेत म्हणून त्यांच्या कान्यांत खिळे मारीत, ही गोष्ट बखरींच्या वाचकांस परिचित आहे. म्हणजे तोफ मारावयाची असली तर खिळा कान्यांत, आणि ती राखावयाची असली तर मेणहि कान्यांतच. तोफेचें मर्मस्थान कोणतें हें यावरून स्पष्ट होतें.

दुसरा शब्द ‘तेल मेण’. हे दोन शब्द कीं एक समास, असा प्रश्न येथें उपस्थित होतो. मोडी लिपींत शब्द सुटे करून लिहिण्याची चाल नाहीं. ओळ सलग चालते. तेव्हां छापील प्रतींत हे शब्द सुटे दिसले किंवा जोडलेले दिसले, तरी तो संपादकाचा निर्णय समजावा. मूळ लेखकाची साक्ष त्यांत नाहीं. अशा स्थळीं व्याकरणापेक्षां व्यवहाराचें साह्य घ्यावें लागतें. वाक्याच्या पुढच्या भागांत काना भरण्यास मेण एकटेंच सांगितलें आहे. तेव्हां मागच्या भागांत तोफेच्या अंगास जें द्यावयाचें, तें तेल आणि मेण यांचें एकजीव मिश्रण असावें, असा आमचा तर्क आहे. नुसतें तेल उघड्यावर पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहून जाईल. नुसतें मेण थंड लोखंडावर पसरणार नाहीं व खरबरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत शिरणार नाहीं. मेण तेलांत वितळवून घेतलें म्हणजे जें मलम होतें, तें पसरतें आणि टिकतेंहि. म्हणून ‘तेलमेण’ हा येथें समाहारद्वंद्व मानावा. दरवाजांचा उल्लेख तोफांच्या शेजारीं कां यावा, याचाहि उलगडा यानेंच होतो. किल्ल्याचा दरवाजा म्हणजे लांकूड व लोखंड यांची जोड. त्यास अणकुचीदार खिळे, पट्ट्या, बिजागऱ्या असतात. लांकडांत पाणी मुरूं नये आणि लोखंडास गंज चढूं नये, हीं दोन्ही कामें त्या एकाच मलमानें होतात. लेखकानें दोन भिन्न वस्तु एका वाक्यांत कोंबल्या आहेत असें नव्हे. एकाच डब्यांतून ज्यांना लेप द्यावयाचा त्या त्यानें एका ओळींत लिहिल्या आहेत.

(३) आतां हें सर्व कशासाठीं, तें पाहूं. सह्याद्रीच्या माथ्यावर मृगापासून हस्तापर्यंत पाऊस कसा कोसळतो, हें ज्यांनीं पन्हाळा, विशाळगड किंवा गगनबावड्याचा प्रदेश पावसाळ्यांत पाहिला आहे त्यांस सांगणें नको. तोफ उघड्या बुरुजावर असते. तिचें तोंड खालीं कलवितां येतें किंवा गुडदी ठोकून बंद करितां येतें. काना मात्र आकाशाकडे उघडा. त्यांतून शिरलेलें पाणी थेट बुडाशीं सांचतें, म्हणजे जेथें दारूचा सर्व जोर झेलावयाचा तेथेंच. तोफ लोखंडी असली तर त्या जागीं गंज धरतो व प्रत्येक पावसाळ्यागणिक काना थोडथोडा रुंदावत जातो. रुंद झालेल्या कान्यांतून बार उडतांना ज्वाला वर फुटते, जोर व्यर्थ जातो व गोलंदाजाच्या हातासहि धोका पोंचतो. जुन्या कित्येक लोखंडी तोफा ओतीव नसून लांब पट्ट्या एकत्र जुळवून त्यांवर तप्त कडीं चढवून केलेल्या असत. त्यांच्या सांध्यांत पाणी शिरलें म्हणजे गंज आंतून फुगतो आणि बाहेरून तोफ धडधाकट दिसत असतांहि ती पोखरली जाते. त्या सांध्यांत तेलमेण बसलें, तर पाण्यास वाट राहत नाहीं.

ओतीव मिश्रधातूच्या तोफेस लोखंडासारखा गंज चढत नाहीं. १५४९ मध्यें अहमदनगर येथें ओतलेली व पुढें विजापुरीं नेलेली मलिक-इ-मैदान ही तोफ शतकानुशतकें उघड्यावर राहूनहि आजमितीस तिच्यावरील लेख वाचतां येतो. परंतु अशा तोफेच्याहि कान्यांत पाणी शिरलें, तर त्या वेळेपुरती ती निरुपयोगीच होते. म्हणून अंगास तेलमेण देण्याची आज्ञा मुख्यतः लोखंडासाठीं आणि काना भरण्याची आज्ञा सर्व तोफांसाठीं, असा भेद वाचकानें मनांत ठेवावा. मधमाशांचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतें. पावसाळ्यांतील ढगाळ हवेंत तें कान्यांत घट्ट राहतें, आणि काम पडेल तेव्हां सळईनें उकरून काढतां येतें. चुना किंवा माती भरली असती, तर काना पुनः साफ करणें जिकिरीचें झालें असतें. साधन किती विचारानें निवडलें आहे पाहा.

याच प्रकरणांत दारूखान्याविषयींहि सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, दारू सरद होऊं देऊं नये, आठां-पंधरा दिवसांनीं दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावें व पुनः मोहोर करून ठेवावें, असा त्यांचा भावार्थ आहे. ‘सरद’ हा मूळ फारसी शब्द; त्याचा अर्थ थंड, परंतु मराठींत तो ‘दमट’ या अर्थानें रूढ झाला. आमच्या हवेंत थंडी म्हणजे ओल, हा अनुभवच त्या अर्थांतरांत सांठविलेला आहे. राजाराम महाराज जिंजीस असतां ज्याच्या शिरावर महाराष्ट्रांतील गडकोटांचा भार होता, त्या पुरुषानें १७१५ च्या सुमारास हें लिहविलें. कोणत्या पावसाळ्यांत कोणती तोफ कामास आली नाहीं, हें त्यास ठाऊक असलें पाहिजे.

(४) यानंतर कौटिल्याकडे वळूं. १९०९ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं अर्थशास्त्र प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील आयुधागाराध्यक्षाचें प्रकरण सर्वांस सुलभ झालें आहे. तेथें आयुधांची जागा वरचेवर बदलावी, त्यांस ऊन व वारा द्यावा, आणि ऊष्मा, उपस्नेह व कृमि यांनीं ज्यांची हानि होत असेल तीं निराळीं ठेवावींत, असें सांगितलें आहे. यांतील ‘उपस्नेह’ शब्दानें आमच्या वर्गांत एकदां मौज केली. स्नेह म्हणजे तेल, हें विद्यार्थ्यांस पाठ. तेव्हां एका हुशार मुलानें ‘तेल लागल्यामुळें बिघडणारीं शस्त्रें’ असा अर्थ करून टाकला. वास्तविक उपस्नेह म्हणजे ओलावा, दमटपणा. ज्या धातूपासून शस्त्राचा रक्षक शब्द निघाला, त्याच धातूपासून त्याच्या शत्रूचेंहि नांव निघालें. चिकटून राहणें हा दोघांचाहि धर्म, म्हणून ‘स्निह्’ धातु दोहोंस लागू पडला. त्या मुलास आम्हीं हसलों नाहीं. कारण कोशांत पाहिल्यावांचून आम्हींहि प्रथम तोच अर्थ केला असता.

कौटिल्याच्या या सूचनेंत अनुभवाचा वास स्पष्ट येतो. ऊष्मा, ओल व कीड हीं तीन कारणें त्यानें निरनिराळीं ओळखलीं आहेत. कारण त्याच्या कोठारांत नुसतें लोखंड नव्हतें. धनुष्यें, दोऱ्या, चामडें व लांकूडहि होतें. ऊन लोखंडास हितकर, पण लांकडास तडे पाडणारें. ओल चामड्यास कुजविणारी. कीड लोखंडास शिवतहि नाहीं. म्हणूनच त्यानें एकच उपाय सांगितला नाहीं. ज्यास जें बाधतें त्यापासून तें दूर ठेवावें, असें सांगितलें. आज्ञापत्रकाराच्या सूचनेशीं ही दृष्टि जुळते. शब्द निराळे, शस्त्रें निराळीं, काळांत अनेक शतकांचें अंतर. परंतु दोघांच्याहि वाक्यामागें कोठाराची किल्ली बाळगणारा माणूस उभा आहे.

(५) शुक्रनीतीची गोष्ट निराळी आहे. तींत नालिक अस्त्रांचें, म्हणजे तोफा-बंदुकांचें, वर्णन आहे. पांच वितस्ति लांबीची नळी, नेम धरण्यासाठीं तिच्या मूळाग्रांस तिळाएवढे बिंदु, यंत्राच्या आघातानें दगडापासून उत्पन्न होणारा अग्नि, अग्निचूर्णासाठीं मूळाशीं कर्ण, हें सर्व त्यांत आलें आहे. १८८० मध्यें गुस्ताव ओपर्ट यांनीं या वर्णनाच्या आधारें प्राचीन हिंदुस्थानांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें व पुढें १८८२ मध्यें मद्रास येथें ग्रंथहि छापला. हा सिद्धांत पुष्कळांच्या मनास गोड वाटला. परंतु आघातानें दगडापासून अग्नि उत्पन्न करणारें यंत्र म्हणजे चकमकीची बंदूक. ती प्राचीन असूं शकत नाहीं. ललनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें साधार मांडलें. आम्हांस तें पटतें; आणि त्यास निगेच्या बाजूनें एक लहानसा दुजोरा द्यावा असें वाटतें.

शुक्रनीति निगेविषयीं दोन गोष्टी सांगते. एक, नालास्त्र नित्य संमार्जनानें स्वच्छ असावें. दोन, बार भरतांना प्रथम नळीचें शोधन करावें, मग दारू घालून ती दांड्यानें बुडाशीं घट्ट बसवावी, मग गोळी, मग कर्णांत चूर्ण. येथें तेल नाहीं, मेण नाहीं, आच्छादन नाहीं, पावसाळाहि नाहीं. आहे तें नित्य संमार्जन, म्हणजे रोजचें घासणें. आतां रोज घासून बंदूक लखलखीत ठेवण्याची शिस्त कोणाची? ती कवाइती पलटणीची. कंपनीच्या फौजेंत शिपायानें बंदुकीची नळी आरशासारखी ठेवावी असा दंडक असे, आणि विटेच्या भुकटीनें घासून घासून नळ्या झिजत, ही गोष्ट त्या काळच्या लष्करी व्यवहाराच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. देशी किल्लेदाराची दृष्टि ‘टिकावें’ ही. कवाइती अंमलदाराची दृष्टि ‘दिसावें’ ही. शुक्रनीतिकारानें पलटणींतील शिपाई दुरून पाहिला असावा. चकमकीच्या दगडाबरोबर ‘नित्य संमार्जन’ हा शब्दहि त्या काळाची खूण ठरतो. या एकट्या शब्दावर कालनिर्णयाची इमारत उभारावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु इतर पुराव्यांच्या रांगेंत त्यास जागा मिळावी. कर्ण आणि काना यांचें साम्यहि येथें ध्यानांत घ्यावें. ‘काना’ या रूढ शब्दास संस्कृत वेष चढवून ‘कर्ण’ हा पारिभाषिक शब्द केला गेला असणें अगदीं संभवनीय आहे.

(६) तथापि शुक्रनीतीवर अन्याय होऊं नये. ‘प्रथम शोधन’ ही तिची दुसरी आज्ञा अत्यंत यथार्थ आहे. मात्र तिचा अर्थ नीट कळण्यास दारूचा स्वभाव माहीत पाहिजे. काळी दारू सामान्यतः शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक अशी असते. शुक्रनीतींतील पांच पळें सुवर्चिलवण, एक पळ गंधक व एक पळ कोळसा हें प्रमाणहि त्याच्या जवळपास येतें. ही दारू पेटली म्हणजे सर्वच धूर होऊन जात नाहीं. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन मळ होऊन उरतो. त्यांतला कांहीं धुराबरोबर उडतो व कांहीं नळींत चिकटतो. त्यांत पोटॅशचे क्षार असतात. त्यांपैकीं एक आमच्या वैद्यांचा यवक्षार ज्या जातीचा, त्याच जातीचा. हा क्षार हवेंतील ओल शोषून घेतो. संध्याकाळीं कोरडी दिसणारी नळी सकाळीं आंतून पाझरलेली असते व पावसाळ्यांत एका रात्रींत तांबूस होते.

येथें महत्त्वाचा मुद्दा हा कीं, हा क्षार पाण्यांत विरघळतो, तेलांत विरघळत नाहीं. म्हणून बार काढलेल्या बंदुकीस न धुतां वरून तेल चोपडणें म्हणजे शत्रूस घरांत कोंडून दारास कुलूप लावणें होय. योग्य क्रम असा: प्रथम कढत पाण्यानें नळी धुवावी, पाणी काळें येईनासें होईपर्यंत गजास चिंधी बांधून पुसावी, कढत पाण्यानें लोखंड तापतें व तें लवकर वाळतें, पूर्ण वाळल्यावरच तेलाचा पातळ हात द्यावा. आणि पुनः बार भरण्यापूर्वीं तें तेल पुसून काढावें, काना सळईनें मोकळा करावा. तसें न केलें तर बुडाशीं उतरलेलें तेल दारू भिजवितें, रंजक नुसतीच फुसकन उडते व बार होत नाहीं. ‘प्रथम शोधन’ याचा अर्थ केवळ मळ काढणें असा नव्हे. टिकविण्यासाठीं जो स्नेह घातला तोहि चालविण्यापूर्वीं काढणें, असा आहे.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. टिकणें आणि सज्ज असणें या दोन अवस्था एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ज्या तोफेचा काना मेणानें भरला, ती त्या क्षणीं उडवितां येत नाहीं. अमात्यांनीं ही आज्ञा पर्जन्यकाळापुरती दिली, तिचें मर्म येथें आहे. पावसाळ्यांत मोहिमा सहसा थांबत. शत्रूची दारूहि त्याच पावसांत भिजत असे. पाऊस सरला कीं अश्विनांत खंडेनवमीस शस्त्रें बाहेर काढून, स्वच्छ करून त्यांची पूजा करावयाची व दशमीस सीमोल्लंघन. या पूजेस धार्मिक अर्थ आहेच. परंतु तिची तिथि ज्या ऋतूंत पडते तो ऋतूच मेण उकरण्याचा व काने मोकळे करण्याचा आहे, हें विसरतां कामा नये.

(७) तेल म्हटलें तरी सर्व तेलें सारखीं नव्हेत. जवसाचें तेल हवेंत सुकून त्याची पातळ कातडी होते. बाहेरच्या लांकडास व लोखंडास तें उत्तम, परंतु चापाच्या आंत गेलें तर डिंकासारखें चिकट होऊन बसतें. तिळाचें तेल अर्धवट सुकणारें. खोबरेल सुकत नाहीं, परंतु सुमारें २४ अंशांखालीं गोठतें; देशावरील हिवाळ्याच्या पहांटे तें मेणाचेंच रूप घेतें. शिवाय वनस्पतींचीं तेलें कालांतरानें खवट होतात व पितळेस हिरवा कळंक आणतात. तोड्याच्या बंदुकीस याचें फारसें भय नव्हतें. तिच्यांत हलणारे भाग थोडे. जामगी धरणारा आंकडा रंजकाच्या प्याल्यापर्यंत पोंचला कीं काम झालें. चकमकीच्या बंदुकीचें तसें नाहीं. तिचा घोडा जोरानें पडला तरच ठिणगी उडते, आणि कमान, खांच, कुसूं यांवर घट्ट झालेलें तेल असलें तर घोडा आळसानें पडतो. म्हणून जसजसें यंत्र सूक्ष्म झालें, तसतसा स्नेह थोडा व पातळ पाहिजे झाला.

स्नेहाचा विषय लहान मानणारांस १८५७ ची आठवण द्यावी. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथामुळें, जो १९०७ मध्यें चिंतामण विनायक वैद्य यांनीं प्रसिद्ध केला, काडतुसांची हकीकत मराठी वाचकांच्या घरोघर पोंचली आहे. त्या काडतुसांस चरबी कशाला, हा साधा प्रश्न मात्र क्वचित् विचारला जातो. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीस आंतून आटे होते. दोन-चार बारांनंतर वर वर्णिलेला मळ त्या आट्यांत बसे व गोळी खालीं उतरेना. तो मळ मऊ राहावा म्हणून काडतुसाच्या टोंकास स्नेह पाहिजे, आणि उष्ण देशांत तो पाघळूं नये म्हणून त्यांत मेण पाहिजे. जानेवारी १८५७ मध्यें डमडम येथें बोभाटा झाल्यावर शिपायांनीं आपल्या पसंतीचा स्नेह स्वतः लावावा, अशी मुभा सरकारनें दिली. परंतु वेळ निघून गेली होती. तेल आणि मेण हें मिश्रण वापरणें शक्य होतें, हें त्या मुभेनेंच मान्य झालें. जी वस्तु आमच्या गडांवर निरुपद्रवीपणें वापरांत होती तिचा विचार आधीं न केल्यानें केवढा अविश्वास पेटला, हें इतिहासानें पाहिलें.

(८) आतां जें लिहावयाचें तें आमच्याच दोषाविषयीं आहे, व तें लिहिण्यासाठींच हा लेख हातीं घेतला. आमच्या घरीं आजोबांपासून चालत आलेली एक तोड्याची बंदूक होती. आम्ही पंचविशींत, नुकतेच शाळेंत लागलेले. एका खंडेनवमीस ती पूजेंत नीट दिसावी म्हणून चिंच व विटेची वस्त्रगाळ भुकटी घेऊन आम्हीं ती दोन प्रहरपर्यंत घासली. नळीच्या बुडाशीं काळसर थर होता व त्या थरांत चांदीच्या तारेचीं कांहीं अक्षरें अर्धवट दिसत होतीं. थर गेला, आणि त्याबरोबर अक्षरेंहि गेलीं. बंदूक चकचकीत झाली. घरांतील सर्वांनीं वाखाणली. पंधरा वर्षांनंतर आमच्याच माळ्यावर कागदांचा एक रुमाल सांपडला. त्यांत घरांतील हत्यारांची मोडी याद होती. तीन बंदुका, आणि प्रत्येकीच्या नळीवर कोणाचें नांव आहे त्याची नोंद. तिहींपैकीं आमची कोणती, हें सांगणारा साक्षीदार आम्हीं स्वहस्तें पुसून टाकला होता. आज ती याद आमच्याजवळ आहे, ती बंदूकहि आहे. परंतु दोहोंचा सांधा कायमचा तुटला.

आमच्या वाचकांपैकीं कोणीहि पोथीचा कागद पांढरा दिसावा म्हणून तिची पुष्पिका खरवडणार नाहीं. मग नळीवरील लेख हाहि पुष्पिकाच नव्हे काय? लोखंडावरील घट्ट, काळसर, गुळगुळीत थर बहुधा स्थिर झालेला असतो व तोच आंतील धातूचें रक्षण करितो; हाताला लागणारी तांबडी भुकटी मात्र चालू रोग समजावी. रोग काढावा, कातडी सोलूं नये.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं जुनीं हत्यारें आहेत त्यांस आमची विनंति अशी. प्रथम बंदूक भरलेली आहे कीं काय तें पाहावें. गज आंत घालून खूण करावी व तोच गज बाहेरून नळीस लावून ती खूण कान्यापर्यंत पोंचते कीं नाहीं तें ताडावें. खूण उणी पडली तर बंदूक तशीच ठेवून जाणत्याच्या स्वाधीन करावी. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरहि पेट घेते. नंतर, कांहींहि पुसण्याआधीं, प्रकाशचित्र घ्यावें व अक्षरें असल्यास कागदावर ठसा उतरावा. मग मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, तांबडी भुकटी पातळ खनिज तेलानें भिजवून मऊ फडक्यानें हळूहळू उचलावी. चिंच, लिंबू, राख, वाळू, विटेची भुकटी व कांचकागद यांस शिवूं नये. शेवटीं सर्व तेल टिपून घेऊन मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा. वस्तुसंग्रहालयांत यासाठीं खनिज तेलापासून काढलेलें सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. साधन नवें, तत्त्व जुनेंच; अमात्यांच्या डब्यांतील अर्धी वस्तु आजहि तेंच काम करीत आहे. आणि तेलाचा हात दिलेलें हत्यार पोथ्यांच्या कपाटांत कधींहि ठेवूं नये. एकाचा स्नेह तो दुसऱ्याचा डाग.

(९) असो. आज्ञापत्रांतील वाक्य आज्ञा आहे. ती पाळली गेली कीं नाहीं हें आज्ञेवरून कळत नाहीं. तें कळण्याचा मार्ग एकच, आणि तो आमच्या वाचकांच्या हातीं आहे. ज्यांच्या दप्तरांत किल्ल्यांचे जमाखर्च आहेत, त्यांनीं ते या दृष्टीनें एकदां चाळावे. तेल व मेण यांची खर्ची कोणत्या महिन्यांत पडली, किती पडली, दिवाबत्तीच्या तेलाहून ती निराळी लिहिली आहे कीं काय, आणि खर्च तोफखान्याकडे मांडला आहे कीं दरवाजांकडे, एवढ्या चार गोष्टी टिपून कळवाव्या. ज्येष्ठाच्या आरंभीं मेणाची एक ओळ सांपडली तर अमात्यांची आज्ञा कागदावरून बुरुजापर्यंत पोंचली होती असें म्हणतां येईल. अशी एक ओळ दहा स्तुतिपर लेखांहून अधिक मोलाची आम्ही मानूं.